पालथा तांब्या

"माझ्या मखमलीला विष घातलंय," शिंपीकाका म्हणाले. "आणि घालणारी माझी पोटची पोर आहे."

गुप्तहेर ताई काचेच्या टाकीत डोकावत होत्या. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ उभा होता. घड्याळं दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. म्हणून सगळे त्याला घड्याळजी म्हणत. बाकी गोष्टी त्याच्या डोक्यात जरा उशिराच शिरत.

मखमल म्हणजे ओंजळीएवढा जिवंत शिंपला. काकांच्या बायकोने घरात खारं पाणी करून, प्रवाळांच्या खडकावर तो वाढवला होता. त्याच्या गर्द निळ्या कडा पाहून काकांनीच हे नाव ठेवलं होतं. वर हाताची सावली पडली की तो झटकन मिटायचा. काकू रोज सकाळी सावली पाडून विचारायच्या, "उठलात का बाईसाहेब?"

काकू गेल्या. मागे उरली ती मखमल.

ताईंनी पाण्यावरून हात फिरवला. निळी कड जराशी थरथरली. शिंपला मिटला नाही.

"मासे तर मजेत हुंदडताहेत," घड्याळजी म्हणाला.

"आणि गोगलगायी?"

त्या वाळूवर उताण्या पडल्या होत्या.

मत्स्यालयवाला गुडघ्यांवर बसून नळीत पाणी तपासत होता. "खारटपणा ठीक, दिवा ठीक, कॅल्शियम ठीक. माझ्याकडे असं बघू नका हं, बाई! मासे आजारी पडले तेव्हासुद्धा मी औषध दिलं नाही. त्यात मोरचूद असतो. मासे तो सोसतात. शिंपले, गोगलगायी नाही सोसत."

"पाण्यात तो उतरलाय का, हे तपासता येतं?"

"त्या तपासणीची बाटली दुकानात आहे. घेऊन येतो."

मुलगी बाहेर जिन्यावर बसली होती. डोळे सुजलेले.

"टाकी विका आणि माझ्याकडे राहायला चला, एवढंच म्हटलं मी," ती ताईंना म्हणाली. "तर बाबा म्हणाले, या घरात पाणी प्यायलासुद्धा येऊ नकोस."

"टाकीला हात लावला होतास?"

"कशी लावणार? आईने शेवटच्या दिवशी बजावलं होतं ना. बाबांकडे बघत म्हणाली, 'टाकीत तांब्या…' मग धाप लागली तिला. '…तून पाणी घालू नका.' त्यानंतर ती बोललीच नाही."

ताई स्वयंपाकघरात गेल्या. फळीवर स्टीलचा तांब्या पालथा होता, त्यावर धूळ.

"तिचा शब्द मी मोडला नाही," काका म्हणाले. "तो तांब्या तेव्हापासून तसाच आहे."

"त्याआधी काकू टाकीत पाणी कशाने घालायच्या?"

"ह्यानेच की, वर्षानुवर्षं. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज फिल्टरचं गोडं पाणी घालावं लागतं. आजारपणात तांब्या तिच्या उशाशी गेला, प्यायला. तेव्हापासून मी हा जग घेतला. रात्री भरून ठेवतो, सकाळी ओततो."

जग लालसर, घाटदार होता. ताईंनी आत बोट फिरवलं. पाणी जिथवर येत होतं तिथे हिरवट कड धरली होती.

त्यांनी जग हळूच खाली ठेवला. आता घड्याळजीच्याही डोक्यात उजेड पडला. तो कुजबुजला, "ताई, शिंपला म्हातारपणाने मरतोय म्हण ना. काय बिघडलं?"

"मग पोरगी जिन्यावरच राहील रे."

मत्स्यालयवाला बाटली घेऊन परतला. नळीतलं पाणी निळसर झालं. "आहे," तो हळूच म्हणाला.

ताईंनी मुलीला दारात बोलावलं आणि काकांना खुर्चीवर बसवलं.

"काका, मासे जगले आणि गोगलगायी मेल्या. म्हणजे विष कोणतं, हे ह्यांनी मघाशीच सांगितलं होतं. मोरचूद तांब्यापासून होतो. औषध घरात आलं नाही, मग तांबं आलं कुठून? हा जग तांब्याचा आहे. शुद्ध पाणी त्यात रात्रभर राहिलं की किंचित तांबं उतरतं. एका दिवसाचं काही नाही. पण ते टाकीतून जात नाही, साठत राहतं."

काका जगाकडे बघत राहिले. "पण तिनेच सांगितलं होतं, तांब्यातून…"

"ज्या तांब्याने त्यांनी जन्मभर पाणी घातलं, त्यालाच त्या का मना करतील? तो तर त्यांच्या उशाशी होता. तुमच्या हातात जग होता, आणि तो त्यांना अंथरुणातून दिसत होता. धापेत एक 'च्या' हरवला, काका. त्या म्हणत होत्या, तांब्याच्यातून, म्हणजे ह्या जगातून, पाणी घालू नका."



"म्हणजे ती शेवटचं बोलली," काका म्हणाले, "आणि मी उलटं ऐकलं."

"मीही तिथेच होते, बाबा," मुलगी दारातून म्हणाली. "मलाही नाही कळलं."

काका उठले. टाकीवर त्यांनी हात धरला. "बाईसाहेब," ते म्हणाले. सावली निळ्या कडेवर पडून राहिली. कड हलली नाही. घड्याळजीने तोंड फिरवलं. बंद पडलेलं काही बघायची त्याला सवय होती, पण हे बघवेना.

काका स्वयंपाकघरात गेले. फळीवरचा तांब्या त्यांनी उतरवला, घासला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि भरला. मग दाराशी येऊन मुलीपुढे धरला.

"आत ये," ते म्हणाले. "पाणी घे."