ताईच्या पिकअपचे नवे दिवे

ताईची पिकअप ठणठणीत होती, फक्त तिच्या दिव्यांत जीव उरला नव्हता. जुने पिवळे हेडलाइट कसेबसे बंपरच्या पुढे जायचे, आणि ताईला तर बेकरीचा पाव घेऊन उजाडायच्या आत डोंगरातल्या रस्त्याने निघावं लागायचं. एका वळणावर कठड्याला आरसा घासून आल्यावर तिने गाडी सरळ धाकट्या भावाच्या गॅरेजात आणून लावली.

"फ्यूज, सगळे दिवे बदल. पुढचे, मागचे, बाजूचे. एलईडी टाक. मला रस्ता दिसला पाहिजे."

गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या या भावाला सगळे फ्यूजच म्हणत. धंद्यामुळे नव्हे, पटकन उडायचा म्हणून. पण हातात टेस्टर आला की त्याच्याइतका थंड डोक्याचा माणूस शोधून सापडला नसता. नवरा गेल्यावर ताईने याच गाडीवर घर ओढलं होतं, भावाला या धंद्यात उभं केलं होतं. तिच्यावर त्याचा फार जीव होता. तोंडाने मात्र तो दिवसभर तिच्याशी भांडत असे.

आधी मागचे लाल दिवे झाले, मग इंडिकेटर. एलईडी वीज खातात चिमणीएवढी, त्यामुळे इंडिकेटर वेड लागल्यासारखे भराभर लुकलुकू लागले. त्याने वायरीत एक रेझिस्टर जोडून त्यांना ताळ्यावर आणलं. हेडलाइट त्याने शेवटी घेतले.

त्यांचा झोत सरळ करायची त्याची एक पद्धत होती. गाडी पांढऱ्या भिंतीसमोर अंतर राखून उभी करायची, शटर ओढून अंधार करायचा, मालकाला स्टिअरिंगमागे बसवायचं, कारण वजनाने झोत हलतो, आणि भिंतीकडे बघत स्क्रू फिरवायचा. ताई बसली, तिने दिवे लावले. भिंतीवर लख्ख पांढरा उजेड पडला.

त्या उजेडात माणसाची सावली होती.

भिंतीला अगदी खेटून कुणी उभं राहावं, तशी. दोन दिव्यांमुळे तिच्या कडा जराशा दुहेरी. मध्ये कुणीच नव्हतं. काचेवर डाग असेल, म्हणून त्याने फडकं फिरवलं. दोन्ही दिवे अदलून-बदलून लावले. दुसऱ्या कंपनीचे आणून लावले. रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असं चाललं होतं. सावली तिथेच.

"ताई, भिंतीवर काय दिसतंय?"

"उजेड! आणि चुन्याचे पोपडे. कधी रंगवणार आहेस?"

तो सावलीच्या जागी जाऊन उभा राहिला, चाचपडला. हाताला काही लागलं नाही. फक्त भिंतीवर आता दोन सावल्या होत्या.

नव्या दिव्यांचे स्क्रू थोड्या दिवसांत ढिले होतात, झोत पुन्हा तपासावा लागतो. ताई पुढच्या आठवड्यात आली ती खुशीतच. "अरे, रस्ता कसा आरशासारखा दिसतो! तुझ्या हाताला सोन्याचं कडं घातलं पाहिजे." त्याने शटर ओढलं. सावली वाढली होती. डोकं छताला टेकलं होतं आणि दोन्ही कडा एकमेकींपासून लांब सरकल्या होत्या.

आयुष्यभर दिव्यांपुढे काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको होतं. वस्तू दिव्याच्या जवळ येते, तेव्हाच सावली अशी फुगते. ते जे काही होतं, ते भिंत सोडून गाडीकडे चाललं होतं.

त्याने गाडी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतली, तिला काही न सांगता एलईडी काढले आणि जुने पिवळे दिवे परत बसवले. पिवळ्या उजेडात भिंत कोरी दिसली. त्याला बरं वाटलं. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसंच हे, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही.

दोन दिवसांनी ताई तणतणत आली. "मरायचं होतं मी आज! समोरचा ट्रक दिसला नाही मला. कुणी सांगितले होते तुला हे उद्योग?"

एलईडी पुन्हा चढले. दिवे लागले तेव्हा भिंतीचा बहुतेक भाग काळा होता.

"ताई, ही गाडी नको चालवूस. मी दुसरी बघतो. पाया पडतो तुझ्या."

"पाव काय चालत जाणार आहेत दुकानात? वेडा झालास का रे?"

त्याने किल्ली काढून खिशात घातली. तिने पर्समधून दुसरी काढली.

"थांब," तो म्हणाला. "निदान उद्या संध्याकाळी एकदा आण. शेवटचं बघतो."

दुसऱ्या दिवशी तिने दिवे लावले.

भिंत स्वच्छ होती. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पांढरी, सावलीचा एक डाग नाही. क्षणभर त्याला रडू फुटेल असं वाटलं.

मग त्याला कळलं. दिव्यांच्या पुढे आता कुणी नव्हतं.

गाडीत बारीक घंटी वाजू लागली. टिंग, टिंग, टिंग.

"हे काय रे नवीन?" ताईने स्वतःचा सीटबेल्टचा पट्टा ओढून पाहिला. तो लावलेलाच होता. शेजारच्या सीटसाठी वाजत होती घंटी, तिथे कुणी पट्टा न लावता बसलं की वाजते तशी.

"ताई, उतर खाली."

"अरे, तुझ्याच वायरिंगने काहीतरी बिघडवलंय." ती वाकली, रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि खटकन अडकवला. घंटी थांबली. "बघ, झालं. शटर उघड आता."

तो खिडकीशी उभा होता. त्याने आत वाकून पाहिलं.

पट्टा सीटला टेकला नव्हता. तो वीतभर पुढे ताणलेला होता आणि श्वास घेतल्यासारखा सावकाश पुढे-मागे होत होता.

इंजिन अजून सुरू केलेलं नव्हतं.