प्रतिनगरातली माणसं

आयुक्त सरनाईकांनी पडद्यावरचं बटण दाबलं आणि उन्हाच्या लाटेचा इशारा देणारा भोंगा वाजला. बाहेर नव्हे, संगणकातल्या प्रतिनगरात. लाखो ठिपके घराघरांतून निघाले आणि वस्त्यावस्त्यांत बांधायच्या शीतघरांकडे, लाटेतल्या आसऱ्याच्या थंड हॉलांकडे, सरकू लागले. वरदापूरच्या प्रत्येक माणसामागे एक ठिपका होता. मोबाइल, वीजबिल, रेशन, दवाखाना अशा नोंदींवरून संगणकाने घडवलेला त्याचा जुळा.

"बघा, चहा संपायच्या आत अख्खं शहर सावलीत," आयुक्त खुशीत म्हणाले.

समाजशास्त्रज्ञ म्हणून डॉ. मालिनी वैरागडेंचं मत हवं होतं. त्यांची सहकारी तृप्ती उईके मध्येच बोलली, "मॅडम, एक शीतघर आधी उघडू. मी उन्हाळाभर वस्तीत राहते. कोण येतं, कोण येत नाही, का येत नाही, ते बघते."

"जे दुपारभरात कळतंय, त्यासाठी उन्हाळा कशाला घालवायचा?" मालिनीताई हसून म्हणाल्या आणि क्षेत्र-अभ्यासाची गरज नाही, असा शेरा त्यांनी सही करून दिला. खरं तर त्यांची स्वतःची उमेदीची वर्षं लोकांच्या ओसरीवर बसून प्रश्न विचारण्यात गेली होती. पण कोणत्याही मंत्र्याने ती उत्तरं कधी वाचली नव्हती. या ठिपक्यांकडे मात्र सगळे डोळे लावून बसले होते.

शीतघरं बांधून झाली आणि मे महिन्यात खरा भोंगा वाजला. शीतघरं भरली, पण सगळी नाही. लाट ओसरली तेव्हा घरांतून मृतदेह निघाले, आणि त्यांत बायकाच जास्त होत्या.

मालिनीताई टेकडी वस्तीत गेल्या. गिरजाबाई मेश्राम दारात बसल्या होत्या. मांडीवर तान्ही नात होती. तिची आई पंचशीला, त्यांची सून, लाटेत गेली होती. शीतघर त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं.

"ती शीतघरात काऊन आली नाही, आजी?"

"आली होती ना पहिल्या दिवशी. एकच हॉल, सारे माणसं आडवे पडलेले. सासरा, दीर, वस्तीतले सारे. बाई कुठी लवंडन? लेकराले पाजन कुठी? दिवसभर पदर घेऊन भिंतीले टेकून बसली. दुसऱ्या दिवशी म्हणे, बाळीले तुम्ही घेऊन जा, मी घरीच पडतो." गिरजाबाईंनी नातीच्या कपाळावरचा घाम पुसला. "संध्याकाळी आलो, तं उठलीच नाही."

मालिनीताईंना तिथे बसवेना आणि उठवेनाही. एक पडदा. आडोशाची एक खोली. बाई इथे आडवी कुठे होणार, हा प्रश्न तरुण असताना त्यांनी पहिल्या भेटीतच विचारला असता. प्रतिनगरातल्या ठिपक्यांना लाज नव्हती, कारण लाजेची नोंद कुठल्याच बिलावर होत नाही. हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनच त्यांनी सही केली होती.

चौकशी अहवालाचा मसुदा तयारच होता. कारण लिहिलं होतं: नागरिकांमध्ये जागृतीचा अभाव. मालिनीताईंनी ती ओळ खोडली आणि लिहिलं: क्षेत्र-अभ्यास मी नाकारला.

आयुक्त वैतागले. "अहो, एवढं कशाला? संकोचाचा एक आकडा सांगा, प्रतिनगरात घालतो. दुसऱ्या शहरांतल्या शीतघरांचे आराखडे अडलेत."

"आकडा मला माहीत नाही. आणि वरदापुरात जो संकोच आहे, तोच दुसऱ्या गावात असेल असंही नाही. तिथलं बांधकाम थांबवा, सर. तृप्तीला आणि तिच्यासारख्यांना एक उन्हाळा द्या."

"पडदे लावतो हवं तर."

"पडद्यानं येतील की नाही, तेही आपण ठरवणार? त्यांना विचारायला नको?"

आयुक्तांनी खुर्ची जवळ ओढली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ती मेश्रामांची तान्ही पोर कुठे होती त्या दुपारी?"

"शीतघरात."

"म्हणून वाचली ना? तुमचं ऐकून मी वर्षभर थांबलो, तर त्या शहरांतल्या अशा पोरींचं काय?"

मालिनीताईंची नजर मसुद्यावरच्या आपल्या ओळीवर गेली. तृप्तीने मागितलेला उन्हाळा त्यांनी हसत नाकारला, तेव्हा त्यासाठी एका शीतघराचा खर्च पुरला असता. तोच उन्हाळा आता कुणाच्या जिवावर मागायचा?