ऑलिंगसेटचं उत्तरेचं दार

रविवारी दुपारी तीन वाजून गेल्यावर ऑलिंगसेटच्या चर्चमध्ये डॉक्टर ऑर्बेल यांचा उजवा हात कोपराखाली मोडला.

त्यांच्या आसपास कोणीही नव्हतं.

हे खरं आहे. मी समोरच्या बाकावर बसलो होतो. बातमीदारीत माझी हयात गेली. इप्सविचच्या दैनिकात मी एकही ऐकीव गोष्ट छापायला दिली नाही. ही तर डोळ्यांनी पाहिलेली. तरीही दिली नाही. संपादकाने पहिलाच प्रश्न केला असता, "हात मोडला कोणी?"



नाताळच्या आधीचा तो रविवार होता. माझ्या धाकट्या बहिणीच्या, हेस्टरच्या मुलाचा बाप्तिस्मा होता. नेड पाच महिन्यांचा. मी त्याचा मामा, आणि त्या दिवसापासून धर्मपिताही, म्हणजे बाप्तिस्म्यात मुलाच्या वतीने वचन देणारा.

आमचं चर्च गारगोट्यांचं आहे. मनोरा गोल, कारण कोपरे बांधायला लागणारा चिरा आमच्याकडे मिळत नाही. बाप्तिस्म्याचं दगडी पात्र आठ कोनांचं. त्याच्या आठही अंगांना देवदूत कोरलेत, पण तोंड एकालाही नाही. सतराव्या शतकात, राजा आणि पार्लमेंट यांच्या लढाईत, मूर्ती फोडत फिरणाऱ्या हातोडेवाल्यांनी ती तोंडं ठेचून काढली.

चर्चला दोन दारं. दक्षिणेच्या दाराने माणसं येतात-जातात.

उत्तरेच्या दाराने कोणी जात नाही...

ते दार बुटकं आहे. पलीकडे थडगी नाहीत, नुसतं खाजऱ्या पाल्याचं रान. आजूबाजूच्या गावांनी आपापली उत्तरेची दारं केव्हाच चिणून टाकली. आम्ही नाही. आमच्याकडे बाप्तिस्मा सुरू झाला की ते दार उघडायचं, खाली गारगोटी लावायची आणि शेवटच्या 'आमेन'पर्यंत तसंच ठेवायचं. पाण्याने मुलाच्या अंगातून जे निघतं, त्याला वाट हवी म्हणून.

दाराच्या ओकच्या फळ्यांवर खळगे आहेत, मुठीएवढे. लहानपणी आम्हाला सांगायचे, त्याच लढाईतल्या सैनिकांनी बंदुकीच्या दस्त्यांनी ठोकलं. पण खळगे आतल्या बाजूला आहेत.



डॉक्टर ऑर्बेल चर्चचे विश्वस्त. अर्ध्या गावाची बाळंतपणं त्यांनी केलेली, हेस्टरच्या जन्माचीही. त्यांनी दार उघडलं, तसा समुद्राकडचा वारा थेट आत शिरला.

हेस्टरच्या सासूबाई, जोसलीन, कोल्चेस्टरहून आल्या होत्या. त्यांनी कोटाची कॉलर वर केली.

"डॉक्टर, एवढ्या मोठ्या चर्चला एक हीटर लावता येत नाही का?"

"लावलाय की. तुम्ही त्याच्यावरच उभ्या आहात."

"आणि हे दार उघडं कशाला?"

"सैतान जायला. बाहेर हो म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं, हा कसला पाहुणचार?"

सगळे हसले. माझा मेहुणा बार्नबी म्हणाला, "आई, तू दाराजवळ बसू नकोस. गर्दीत तुलाही घेऊन जाईल."

"गप रे. देवाच्या घरात तरी आईची थट्टा करू नको."

पाळकबाई फिलिपा नव्या होत्या. सहा गावांची चर्चं त्यांच्या एकटीच्या गळ्यात, आणि चारला पुढच्या गावात प्रार्थना. त्यांनी पुस्तक उघडलं. आम्ही धर्मपिता-धर्ममातांनी सैतानाचा त्याग केला. नेड हेस्टरच्या कडेवर रडत होता.

मग जोसलीनबाई उठल्या.

बुटाच्या टोकाने त्यांनी गारगोटी बाजूला सारली. दार ढकललं. कडी घातली. आणि पुन्हा जागेवर येऊन बसल्या.

"बाळाला वारा लागत होता," त्या पुटपुटल्या.

डॉक्टर जागेवरून अर्धवट उठले. मी पुढे वाकून विचारलं, "दार?"

"जाऊ दे ह्यू. पाहुण्या आहेत. चालू प्रार्थनेत उठून त्यांना तोंडघशी पाडायचं, बरं दिसत नाही."

ते बसले. आमच्या गावात असंच असतं. घर पेटलं तरी आम्ही आधी माफी मागू, मग ओरडू.

फिलिपाबाईंनी नेडला हातात घेतलं. पहिलं पाणी. नेड किंचाळला. दुसरं पाणी. त्याचा चेहरा लालबुंद झाला. तिसरं पाणी...

किंकाळी मध्येच तुटली.

तोंड उघडं होतं. आवाज नव्हता.

आणि मग दगडी पात्रापासून उत्तरेकडे काहीतरी धावत गेलं.

दिसलं काहीच नाही. वाटेतल्या बाकांची टोकं मात्र एकामागून एक आदळली. प्रार्थनेची पुस्तकं फरशीवर पडली.

धाड्.

उत्तरेच्या दारावर. आतून.

धाड्... धाड्...

बिजागऱ्यांतून गंज गळला. कडी हलली नाही. हेस्टरने फिलिपाबाईंच्या हातातून नेडला ओढून घेतलं. "ह्यू, काय आहे ते?"



फिलिपाबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पण त्या थांबल्या नाहीत. आवाज थोडा चढवला आणि पुढे वाचत राहिल्या.

डॉक्टर उठले. "माफ करा," असं जोसलीनबाईंना म्हणत त्यांच्या गुडघ्यांपुढून सरकले. थेट दाराकडे गेले आणि कडीला हात घातला.

त्यांचा हात कोपराखाली उलटा वळला. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला.

ते ओरडले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी पुन्हा कडी धरली.

धाड्.

डॉक्टर दारावर चेपले गेले. पाय जमिनीवरून सुटले, चष्मा फुटला. ते खाली घसरायच्या आत दुसरा दणका. मग तिसरा. त्यांच्या बरगड्यांचा आवाज मी ऐकला. ओकच्या फळीवर रक्ताचा पट्टा उमटला, वरून खाली.

ते त्यांना मारत नव्हतं. ते दार फोडत होतं. डॉक्टर मध्ये होते, एवढंच.

"बाबांनो, ओढा त्यांना!" कोणीतरी किंचाळलं. त्या जोसलीनबाईच होत्या.

मी आणि बार्नबी धावलो. मी डॉक्टरांचा एक पाय धरला, बार्नबीने दुसरा. माझ्या पाठीवरून काहीतरी गेलं. जड. ओलं नव्हतं, गरम नव्हतं, गारही नव्हतं. फक्त वजन. मी फरशीवर आपटलो आणि समोरचा दात ओठातून बाहेर आला. बार्नबीचं डोकं बाकाच्या कडेला लागलं. कानापासून भुवईपर्यंत कातडी उघडली. तरी त्याने पाय सोडला नाही.

आम्ही डॉक्टरांना बाजूला ओढलं.

दणके चालूच होते. आता मध्ये कोणी नव्हतं. फळीवर एक नवा खळगा पडताना मी पाहिला.

मागे फिलिपाबाईंचा आवाज आला.

"आमेन."

आणि सगळं थांबलं.

दार बंदच होतं. कडी जागच्या जागी...

तोंडातलं रक्त थुंकून मी उठलो आणि कडी काढली. मुलाच्या बोटानेही निघाली असती. दार उघडलं. बाहेर पाल्यावर सकाळचं हिव तसंच पांढरं बसलेलं होतं. एक पान मोडलेलं नव्हतं. रानाच्या कडेला एक रॉबिन पक्षी शांतपणे माती उकरत होता.

मी मागे वळलो. हेस्टर माझ्याकडेच बघत होती.

"गेलं ना ह्यू? या दारातून गेलं ना?"



तिने नेडकडे पाहिलं. नेड रडत नव्हता. तो उघड्या दाराकडे पाहत होता. पाच महिन्यांचं मूल असं एकटक पाहत नाही.

डॉक्टर ऑर्बेल रुग्णवाहिका यायच्या आधीच गेले. शेवटपर्यंत शुद्धीवर होते. माझा हात धरून म्हणाले, "त्या बाईंना बोल लावू नका हं."

मृत्यूची चौकशी झाली. अधिकारी सभ्य गृहस्थ होते. मी पाहिलं ते सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मिस्टर लेगेट, डॉक्टरांना कोणी ढकलताना तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

"धन्यवाद."

निकाल लागला, अपघाती मृत्यू. पुढच्या उन्हाळ्यात चर्चच्या मंडळाने उत्तरेचं दार गारगोट्या आणि चुन्याने आतून-बाहेरून चिणून टाकलं. मतदानात विरोध कोणी केला नाही.

हेस्टर फिलिपाबाईंकडे गेली. मीही सोबत होतो.

"पुन्हा बाप्तिस्मा द्या. या वेळी दार नसलं तर मोकळ्या शेतात द्या."

"हेस्टर, बाप्तिस्मा दोनदा होत नाही. एकदा झाला की कायमचा."

"पण तो पुरा झाला नाही!"

फिलिपाबाईंनी मान खाली घातली. "झाला. मी एक शब्द गाळला नाही. तेव्हा मला वाटलं, थांबले तर लोक घाबरतील."

आम्ही चहा घेतला. केक होता. कोणी खाल्ला नाही.

नेड आता बारा वर्षांचा आहे. अभ्यासात बरा. शेजाऱ्यांना आवडतो, कारण वाटेत भेटला की आधी तोच नमस्कार करतो. त्या रविवारनंतर तो कधीही रडलेला नाही. सायकलवरून पडून गुडघा फुटला तेव्हाही नाही. तो सहा वर्षांचा असताना कसल्याशा खोडीपायी बार्नबीने त्याला खोलीत कोंडलं. बार्नबीच्या जबड्याला तार घालावी लागली. दार तुटलं ते त्याच्या अंगावर, असं तो सांगतो. पण त्या दिवसाची आठवण निघाली की तो अजूनही एकच वाक्य म्हणतो.

"नेड तर तेव्हा पलंगावर झोपला होता, ह्यू."

त्यांच्या घरात आता दारं लावत नाहीत. जानेवारीतही नाही.

या फेब्रुवारीत नेड एकटाच सायकलने, फिलिपाबाईंच्या जागी आलेल्या नव्या पाळकांकडे गेला आणि म्हणाला, मला दृढीकरण घ्यायचं आहे. म्हणजे बिशप डोक्यावर हात ठेवतात आणि लहानपणचा बाप्तिस्मा पक्का होतो. घरात हा विषय कोणीही काढलेला नव्हता. मी त्याला विचारलं, "तुला कोणी सांगितलं रे?"

"कोणी नाही, मामा." मग तो म्हणाला, "पण लवकर करायला सांगा. आत फार दाटीवाटी होते."



बिशप जूनच्या दुसऱ्या रविवारी ऑलिंगसेटला येणार आहेत. धर्मपिता म्हणून नेडच्या मागे मला उभं राहायचं आहे. उत्तरेचं चिणलेलं दार त्याआधी फोडून मोकळं करावं, असा अर्ज हेस्टरने केला. मंडळाने तो मान्य केला. पण मध्ययुगीन चर्चच्या बांधकामाला हात लावायचा तर वरच्या धर्मपीठाची परवानगी लागते.

आज मेची एकोणतीस तारीख. परवानगी आलेली नाही.