मीच बोलतेय

दिवा थोडा इकडे सरकवा. मला हल्ली जोरात बोलवत नाही...

माझं पडदे शिवायचं दुकान. दोन मशीन, कापडाचे तागे आणि मी, एवढाच कारभार. कात्री कापडात अर्ध्यावर गेली की नेमका फोन वाजायचा. खिडकी केवढी, अस्तर लावणार का, शिवून कधी मिळेल... एकदा बोलण्याच्या नादात भारी मखमलीचा पडदा वीतभर तोकडा कापला आणि माझं डोकंच फिरलं. त्याच दिवशी मी फोन घ्यायला एक मदतनीस ठेवली. ऑनलाइन सापडली. तिनं तिच्या घरी बसून दुकानाचे फोन घ्यायचे, मापं आणि तारखा मला लिहून पाठवायच्या. तिचा चेहरा मी कधी पाहिला नाही. पाहून करायचं काय होतं?

"ताई, फोनवर काय सांगू? मदतनीस बोलतेय म्हणून?" पहिल्याच दिवशी तिनं विचारलं.

"छे! गिऱ्हाइकांना वाटेल, ही फार मोठी मालकीण झाली. मीच बोलतेय, असं सांगायचं."

तिनं पुन्हा विचारलं, "नक्की ना, ताई?"

"अगं, नक्की."

मग दुकानात शांतता आली. काय सांगू, सुख होतं ते! दुपारी टांगलेल्या पडद्यांतून पिवळा उजेड झिरपायचा, कोऱ्या कापडाच्या खळीचा वास यायचा, मशीन एका लयीत चालायचं. दिवसच्या दिवस मी तोंड उघडायचे नाही. कधी कधी मी शिवतेय की झोपलेय तेच कळायचं नाही. गिऱ्हाइकं मात्र खूश. "काल फोनवर किती छान बोललात!" म्हणायची. मी नुसती हसायचे.

आईचा फोनही दुकानाच्याच नंबरवर यायचा. आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. तिला दिसत नाही, माणूस ती आवाजावरून ओळखते. जगात माझं म्हणावं असं तेवढंच एक माणूस. तिचा फोन आला की मला जोडून द्यायचा, असं मी बजावलं होतं. एके दिवशी मदतनीस म्हणाली, "ताई, तुम्ही कामात होतात... आईंशी मीच बोलले. त्यांना कळलं नाही."

"आईला? कळलं नाही?"

"नाही. चिमणे म्हणाल्या मला."

चिमणी मला फक्त आई म्हणते. तिच्याशी लगेच बोलावंसं वाटलं. पण समोर कापड पसरलेलं होतं, हातात कात्री होती, आणि आईला फोन करायचं त्या दिवशी राहिलं ते राहिलंच.

पुढे एका सकाळी तिचा निरोप आला. "ताई, आज सुट्टी हवी. आईकडे जायचंय."

"जा की," मी लिहिलं आणि कामाला लागले. दुपारी शिवता शिवता माझा पाय मशीनवरच थांबला. हिला आई नाही, असं तिनंच मला सांगितलं होतं.

मी आहे तशी निघाले. आईच्या दाराशी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. दार वाजवलं आणि हाक मारली, "आई..." इतक्या दिवसांत न वापरलेला आवाज. जाड, खरखरीत, भलत्याच बाईचा वाटावा असा बाहेर पडला.

आईनं साखळी न काढता दार किलकिलं केलं. "कोण पाहिजे?"

"आई, मी... चिमणी."

तिच्या कपाळाला आठी पडली. "अशी चेष्टा करू नये, बाई. माझी लेक आत बसलीय." मग मागे वळून म्हणाली, "चिमणे, कुणीतरी आलंय गं."

आतून माझा आवाज आला. टवटवीत, हसरा. "थांब आई, मी बघते."

मग पावलं. लहानपणी शाळेच्या जिन्यावरून पडले तेव्हापासून माझा डावा पाय चालताना फरशीला घासायचा. आतली पावलं तशीच येत होती... एक पाऊल, एक घासणं.

"सावकाश गं, पाय जप," आई म्हणाली. किती मायेनं म्हणाली!

मला रडू फुटलं. मी पळत सुटले ते थेट रस्त्याच्या वळणापर्यंत. तिथं दम खायला थांबले, पुन्हा चालायला लागले, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

माझा पाय घासत नव्हता. अजूनही घासत नाही.