मार्टिनच्या हंसाचं हाड

"श्श! हलू नका, उडतील ते!"

धुक्यात, तळ्याकाठच्या बोरूत, गुडघाभर चिखलात बसलेला एक परका तरुण मलाच दटावत होता... आणि दुर्बीण कुणावर रोखली होती? आमच्या पाळीव हंसांवर!

"उडतायत कसले! सणाला भाजायचेत ते," मी म्हटलं. "आईचे आहेत."

तो कानापर्यंत लाल झाला. आणि माझं काय व्हायचं ते तिथेच झालं.

अंब्रुश बुडापेस्टहून रानातले कलहंस बघायला आला होता. तळं गोठलं की ते दक्षिणेला जाणार, आणि त्यांच्यामागे हाही. रोज पहाटे मला शिकवायचा. "तुमच्या अंगणातल्यासारखा जाडाभरडा आवाज आला की कलहंस. हसल्यासारखा बारीक आला, तर पांढऱ्या कपाळाचा. कलहंसाची चोच नारिंगी, पाय गुलाबी, उडताना पंखाची पुढची कड राखेसारखी फिकट... बोरोका, वर बघ ना! माझ्याकडे काय बघतेस?"

"कड शोधतेय," मी म्हणायची.

नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणाला आईने हंस भाजला आणि त्याला जेवायला बोलावलं. जेवणानंतर आजोबा हंसाच्या छातीचं हाड उजेडात धरतात. पांढरं असलं तर बर्फाचा हिवाळा, तपकिरी असलं तर नुसता पाऊस न् चिखल. स्वयंपाकघरात मांस मीच सोडवलं. हाड पांढरंफेक! म्हणजे तळं गोठणार, अंब्रुश जाणार! गुपचूप ते काळ्या कॉफीत बुडवून ठेवलं.

"तपकिरी! यंदा तळं गोठत नाही," आजोबा म्हणाले.

"म्हणजे मी ईस्टरपर्यंत तुमच्या उरावर," अंब्रुश हसला. मी वेडी व्हायचीच बाकी होते.

पण थंडीला कुठली कॉफी पाजणार? आठवडाभरात तळं कडकडीत गोठलं.

सकाळी तो सामान घेऊन फाटकाशी आला, तेवढ्यात डोक्यावरून थवा गेला. जाडाभरडा आवाज... पंखांची फिकट कड... कलहंसच, दक्षिणेला निघालेले.

"कोणते गं?" त्याने विचारलं.

"पांढऱ्या कपाळाचे."

"चुकलीस."

"चुकले नाही, खोटं बोलले. अंब्रुश... राहा ना रे. मला तू हवा आहेस."

त्याने सामान उचललं. रस्त्यावर बस येऊन थांबली.

"तुझ्या मनातलं मला माहीत होतं, बोरोका," तो हळूच म्हणाला. "पहिल्यापासून. माफ कर." आणि चढला.

माहीत होतं! मी बसमागे धावत सुटले, साऱ्या गावासमोर ओरडत — "मग इतक्या पहाटे मला नुसते पक्षीच का दाखवत बसलास रे, मेल्या?"