ग्रंथालय गुपचुप खातं का?

भर मे महिन्यातली दुपार, कूलरमधलं पाणी संपत आलेलं, आणि ग्रंथालयाच्या दारात एक मुलगा उभा. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात स्वतःचेच दोन पासपोर्ट फोटो.

“ते... फॉलो करायचं होतं,” तो म्हणाला.

ईरानं टेबलाखाली पायानं चाचपडत आधी चपला शोधल्या. चपला घातल्याशिवाय तिचा अधिकाऱ्याचा आवाज लागत नसे.

“फॉर्म भरलाय?”

“भरला ना. तुम्हीच तर मेसेज केला होता.” त्यानं फोन समोर धरला. ‘आपली फॉलो करण्याची विनंती मिळाली. दोन फोटो, पत्त्याचा पुरावा व जुन्या सभासदाची सही घेऊन समक्ष यावे. वेळ अकरा ते सहा. सोमवारी बंद.’

“मग बरोबर आहे,” ईरा म्हणाली.

“बरोबरच आहे. मी पंडरी बाजारात साड्यांच्या दुकानाचं पेज सांभाळतो. दोन लाख फॉलोअर आहेत. पण आजवर एकालेही आधार कार्ड नाही मागितलं आम्ही.”

“म्हणूनच दोन लाख झालेत. कुणीही येतं.”

तो हसला. डाव्या गालाला खळी पडली... त्या खळीसाठी खरं तर वेगळा फॉर्म असायला हवा होता. ईरानं खाली बघून नाव वाचलं — विहंग मोघे. सही मंदाकिनी मोघे यांची.

“ह्या कोण?”

“माझी काकू. तुमची सभासद आहे, मागच्या वीस वर्षांपासून.”

“पुस्तक घेतल्याशिवाय जायचं नाही,” ईरानं शिक्का मारत सांगितलं. “नियम आहे.”

नियम बियम काही नव्हता. तिनं तो त्याच क्षणी केला होता. पण एकदा केला म्हटल्यावर पुढं सगळ्यांनाच लावावा लागला.

आता हे इन्स्टाचं प्रकरण सुरू कसं झालं, ते सांगते. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या मराठी मंडळाचं हे एका खोलीचं ग्रंथालय. पुस्तकं सहा हजार, सभासद एकेचाळीस. त्यातले तिघे तर देवाघरी गेलेले, पण त्यांची नावं कापायला कुणाचा हात धजत नव्हता. मंडळाचे अध्यक्ष नाना यांनी शेवटी सांगून टाकलं, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी वार्षिक सभा आहे, तोवर शंभर सभासद झाले तर ठीक, नाहीतर खोली गणपतीच्या मंडपाच्या सामानाला. म्हणजे जिथं कादंबऱ्या, तिथं बांबू. आणि जिथं ईरा, तिथं ताडपत्री. दोन वर्षं शिकून तिला मिळालेली ही पहिली नोकरी, आणि कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर श्वास घेतं, हे तिला डोळे मिटून सांगता यायचं.

तेव्हा तिची मामेबहीण साक्षी, बारावीतली, हिनं दहा मिनिटांत ग्रंथालयाचं खातं उघडून दिलं. ईराच्या फोनात तोवर फक्त व्हॉट्सॲप, आणि त्यात फक्त नातेवाईक.

“पब्लिक ठेवू की प्रायव्हेट, दीदी?”

“आलंगेलं कुणीही शिरायला ही काय धर्मशाळा आहे? प्रायव्हेट.”

साक्षी क्लासला पळाली. फॉलो करायचं तर आधी सभासद व्हायचं, असं ईरानं ठरवलं. आणि प्रायव्हेट म्हणजे बंद पाकीट, लिहिणारा आणि वाचणारा, तिसरा कुणी नाही, अशी ईरानं स्वतःची समजूत करून घेतली.

विहंग फॉर्म देऊन गेला त्याच संध्याकाळी तिनं टाकलेल्या पुस्तकाच्या फोटोखाली पहिली कमेंट आली. विहंगची.

‘ग्रंथालय कशी आहे?’

ईराचा जीव खालीवर झाला. व्याकरणासाठी.

‘कशी नाही, कसं,’ तिनं लिहिलं. ‘ग्रंथालय नपुंसकलिंगी असतं. बाकी ठीक आहे.’ खात्यावर नाव ग्रंथालयाचं, तेव्हा ‘मी’ लिहिणं तिला कार्यालयीन शिस्तीत बसेना.

हिंदीत नपुंसकलिंग नाही, आणि रायपूरची आमची अर्धी पोरं मराठीत ऐकून हिंदीत उत्तर देतात. तेव्हा चुकायचंच बिचारं, असं म्हणून तिनं त्याला माफ केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा:

‘ग्रंथालय जेवली का?’

‘जेवलं. डब्यात भेंडी होती.’

‘भेंडी आवडते वाटते ग्रंथालयाला.’

‘ग्रंथालयाला पर्याय नव्हता.’

चौथ्या दिवशी तो पुस्तक बदलून गेला. दारात थांबला, हेल्मेट या हातातून त्या हातात केलं, काहीतरी बोलणार होता... आणि “येतो मी” एवढंच म्हणाला. रात्रीचं जेवण व्हायच्या आत कमेंट हजर.

‘ग्रंथालय आज निळ्या रंगात छान दिसत होती.’

ईरानं भिंती आठवल्या. भिंती पिवळ्या होत्या. मग तिनं मान खाली घालून स्वतःचा कुडता बघितला.

‘दिसत होतं,’ तिनं सुधारलं. आणि बराच वेळ अंगठा हवेत धरून शेवटी लिहिलं, ‘ग्रंथालय आभारी आहे.’

त्या आठवड्यात एक नवल झालं. लोक यायला लागले. शंकर नगरहून दोन मावश्या रिक्षा करून आल्या. रेल्वेतले एक काका आले. कॉलेजच्या पोरी सहाच्या सहा आल्या, ईराकडे बघून एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. प्रत्येकाचं एकच म्हणणं, “फॉलो करायचं आहे, फॉर्म द्या.” बुढातालाबाजवळ गुपचुपची गाडी लावणारा भैय्यालालसुद्धा आला. “दीदी, एक फारम मोला घलो दे,” मलाही एक दे, म्हणाला. ईरानं सगळ्यांना फॉर्म दिले, सगळ्यांच्या हातात पुस्तकं कोंबली, आणि फोटो काढायची आपली हातोटी फारच सुधारली आहे असं ठरवून टाकलं.

सभेच्या आदल्या दिवशी कमेंट आली.

‘ग्रंथालय गुपचुप खाते का?’

पाणीपुरीला आमच्याकडे गुपचुप म्हणतात, हे ईराला जन्मापासून माहीत होतं. तरी तिच्या कानशिलांना का ऊन लागलं, कोण जाणे. तिनं लिहिलं, पुसलं, लिहिलं.

‘खातं. तिखट.’

‘मग उद्या सभेनंतर? भैय्यालालच्या गाडीवर?’

‘ग्रंथालय... विचार करून कळवेल.’

रविवारी सभागृह भरलं होतं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मंडपाच्या सामानातल्या काढाव्या लागल्या. ईरा पहिल्या रांगेत देवघेवीचं रजिस्टर मांडीवर घेऊन बसली. विहंग मागं, खांबाला टेकून.

नानांनी चष्मा लावला. “ग्रंथालयाचे सभासद एकशे त्रेचाळीस.” टाळ्या. “आता ही वाढ कशानं झाली, ते अहवालात नमूद करणं अध्यक्ष म्हणून माझं कर्तव्य आहे. मी कागदावर छापून आणलं आहे.” त्यांनी घसा खाकरला आणि बातम्यांच्या सुरात वाचायला सुरुवात केली. “ग्रंथालय कशी आहे. उत्तर, कशी नाही, कसं.”

ईराला आधी वाटलं, आपल्याला ऊन लागलंय.

“ग्रंथालय जेवली का. उत्तर, जेवलं. डब्यात भेंडी होती.”

सभागृह आधीच पाठ असलेल्या ओळींना हसावं तसं हसलं. तेव्हा ईराच्या डोक्यात एकेक दिवा लागत गेला. मावश्या. कोपरं. भैय्यालाल. प्रायव्हेट म्हणजे बंद पाकीट नव्हतं. प्रायव्हेट म्हणजे फक्त सभासदांनाच दिसणार... आणि ते बघायलाच सगळे सभासद झाले होते. तिनं मागं वळून विहंगकडे असं पाहिलं की त्यानं हेल्मेट छातीशी धरलं.

“अध्यक्ष,” खजिनदार श्यामकांत उभे राहिले. बांबू त्यांच्याच अंगणात पडून असायचे. “म्हणजे ही मंडळी पुस्तकांसाठी आली नाहीत, कमेंटा वाचायला आली. उद्या हे थांबलं की पुन्हा एकेचाळीस. माझं मत, खोली मंडपालाच द्या.”

काही माना हलल्या. ईराला खरं म्हणजे जमिनीत शिरायचं होतं. पण जमिनीत शिरलं तर खोली गेली. ती उठली.

“श्यामकांतकाका, मी एकालाही रिकाम्या हातानं जाऊ दिलं नाही.” चपला पायात होत्या, तेव्हा आवाज लागला. “तीन आठवड्यांत दोनशे साठ पुस्तकं बाहेर गेली. एकशे नव्वद परत आली आणि लोक दुसरी घेऊन गेले. इथं सह्या आहेत. कशाला का आले असेनात... वाचून राहिले न?” रागात तिची घरची बोली बाहेर पडली होती. “काकांनी स्वतः दोन नेली आहेत. एक अजून परत यायचंय.”

श्यामकांत हळूच बसले.

“खोली ग्रंथालयाचीच,” नाना म्हणाले. “पुढचा विषय.”

“थांबा, नाना,” मंदाकिनीकाकूंनी हात वर केला. “हा विषय कुठं संपला? ग्रंथालय गुपचुप खायले जाऊन राहिलं का नाही, ते तर सांगा.”

सभागृह शांत. एवढी शांतता ग्रंथालयातसुद्धा कधी नसायची.

“आणि आधी मला हे सांगा,” नाना कागदावर बोट आपटत म्हणाले, “हा कोण आहे? तिनं इतक्यांदा सांगूनही ज्याला नपुंसकलिंग येत नाही?”

विहंग खांबापासून सुटा झाला.

“मी आहे नाना. आणि येते मले नपुंसकलिंग. शाळेत मराठीत अठ्ठ्याऐंशी होते.” त्याची खळी कुठंतरी पळून गेली होती. तो आता ईराकडे बघत होता. “मले वाटलं, पेज तुमचं आहे, तुम्हाले माहीतच असेल सगळे वाचतात म्हणून. हे नव्हतं करायचं मले. पण चुकत नव्हतो मी, एकदाही. मी... ग्रंथालयाले विचारतच नव्हतो ना.”

कशी आहे. जेवली का. छान दिसत होती.

ईरानं सगळी वाक्यं मनात पुन्हा वाचली. एकाही ठिकाणी चूक सापडली नाही.

तिनं रजिस्टर बगलेत धरलं. फोन काढला, दोन शब्द लिहिले. मागं विहंगचा फोन किणकिणला, आणि अख्ख्या सभागृहाच्या माना आपापल्या फोनात गेल्या.

“काय लिहिलं? मला बारीक दिसत नाही,” नाना म्हणाले.

मंदाकिनीकाकूंनी मोठ्यानं वाचलं, “मी येते.”

“हं,” नाना चष्मा पुसत म्हणाले. “स्त्रीलिंग. नोंद करा.”

संध्याकाळी बुढातालाबावरून जरा वारा सुटला होता. भैय्यालालनं न विचारताच मटक्यात जास्तीची मिरची ढवळली. “तिखट जादा ना, दीदी? मोला पता हे.” तोही सभासद, सत्त्याण्णव नंबर.

पाचव्या गुपचुपला ईराचे डोळे पाण्यानं भरले, नाक लाल झालं. विहंगनं खिशातून रुमाल काढून पुढं केला आणि अगदी हळू, भैय्यालाललाही ऐकू येणार नाही एवढ्या हळू विचारलं,

“ईरा... कशी आहे?”

तिनं नाक पुसलं.

“आता बरोबर,” ती म्हणाली.