हेस्टरची जागा

ही कुणाकडून ऐकलेली गोष्ट नाही. माझ्या बाबतीत घडलंय. गेल्या जुलैत, एका रविवारी संध्याकाळी, हॅमिल्टनच्या बाहेर टेकडीवर असलेल्या जुन्या सिमेट्रीत. तुम्ही विश्वास ठेवाच असा आग्रह नाही. पण यातला एकही शब्द मी रंगवून सांगत नाहीये.

मी सलोनी. माझा नवरा विवेक. दोघंही पुण्याचे. तो तेव्हा हॅमिल्टनमध्ये एका डेअरी कंपनीत आयटीत होता.

आमच्या शेजारी जॉइस राहायची. ऐंशीच्या पुढची. तिचे पणजोबा, थॉमस पेल, इंग्लंडहून जहाजाने इथे आलेल्या सुरुवातीच्या लोकांपैकी. जॉइसला घराण्याची वंशावळ हवी होती, पण डोळे साथ देत नव्हते. विवेकने हौसेनं ते काम अंगावर घेतलं.

आणि त्याला हेस्टर सापडली...

थॉमसची पहिली बायको. त्याच्याबरोबर आली, मूलबाळ न होता गेली. वर्षाच्या आत थॉमसने अ‍ॅनीशी लग्न केलं. जॉइसचं सगळं घराणं या अ‍ॅनीचं.

"हेस्टरला त्यात घालू नकोस, लव्ह," जॉइस म्हणाली. "आमच्या पणजीला घरात तिचं नावही खपायचं नाही."

"पण ती होती ना!" विवेक म्हणाला.

तेव्हापासून आमच्या घरात हेस्टरच. जेवताना हेस्टर, चहाला हेस्टर. "बिचारी गं. केवढीशी पोर. परका देश, ओळखीचं कुणी नाही..."

म्युझियममधून मिळालेला तिचा फोटो त्याने मोठा करून टेबलासमोर लावला. पातळ ओठ. थेट बघणारे डोळे.

मी इथे आले तेव्हा माझ्याही ओळखीचं कुणी नव्हतं. माझी एवढी कणव कुणाला आली नव्हती.

हो, मला हेवा वाटायचा. मेलेल्या बाईचा. हसायचं तर हसा.

मग ते सुरू झालं.

मी बॅकयार्डात कपडे वाळत घातले होते. वारा अजिबात नव्हता. थोड्या वेळाने पाहते तर विवेकचे शर्ट दोरीवर जसेच्या तसे. माझे सगळे कपडे ओल्या गवतावर.

माझ्या कपड्यांचे चिमटे मात्र दोरीवरच होते... घट्ट लावलेले.

पुढच्या आठवड्यात मी गॅरेजमध्ये होते. विवेकने खोलीतून हाक मारली, "अगं, चहा ठेवतेस?"

मी तोंड उघडायच्या आत किचनमधून उत्तर आलं...

"ठेवते."

माझाच आवाज.

मी धावत गेले. किचनमध्ये कुणी नव्हतं.

"काहीतरीच काय! तूच म्हणालीस की," विवेक हसला.

त्या दिवशी मी तो फोटो काढून ड्रॉवरमध्ये पालथा टाकला. त्याने तो परत लावला. आमचं जोरात भांडण झालं.

"एका फोटोवर जळतेस?"

"हो. जळते."

तो म्हणाला, "एकदा तिची कबर बघायला चल. दगडच आहे शेवटी. तुझ्या डोक्यातलं जाईल."

म्हणून त्या रविवारी आम्ही गेलो. जुलै म्हणजे इथे हिवाळा, लवकर अंधारून येतं. पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. थॉमस आणि अ‍ॅनी एकाच मोठ्या दगडाखाली. हेस्टर लांब, कुंपणाशी, एकटी.

विवेक खाली बसला आणि तिच्या नावावरचं शेवाळ हाताने पुसायला लागला. इतक्या हळुवारपणे की मला बघवेना.

"तू गाडीत बस जा. मी आलेच," मी म्हटलं.

तो उतरून गेल्यावर मी वाकले. तिला मराठीतच सांगितलं, "तो माझा नवरा आहे. तुझा तिकडे झोपलाय, तिच्याजवळ."

बोलले आणि मोकळं वाटलं.

कुंपणापलीकडे पुकेको पक्षी ओरडत होते. ते एकदम गप्प झाले...

खाली गाडीचं दार लागलं. विवेक बसला असणार.

मग दुसरं दार लागलं.

आणि गाडी निघाली.

मी ओरडत धावले. गाडीचे लाल दिवे वळणाआड गेले. त्या टेकडीवर मी एकटी. मी फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. कितीतरी वेळाने त्याने उचलला.

"विवेक, मला सोडून कुठे चाललास?"

पलीकडून फक्त इंडिकेटरची टिकटिक...

"सलोनी?" तो म्हणाला. "मग... इथे कोण बोलत होतं?"

तो परत आला तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याच्या शेजारच्या रिकाम्या सीटचा बेल्ट लावलेला होता. मी मागच्या सीटवर बसले.

आता आम्ही हॅमिल्टन सोडून अल्बनीत राहतो. वंशावळ त्याने अर्ध्यावर सोडली. फोटो त्यानेच फाडला. हेस्टरचं नाव तो काढत नाही.

पण गाडीत ती काय बोलली, हे तो सांगत नाही. मी विचारलं की विषय बदलतो.

परवा मी हट्टच धरला. चिडले, रडले. तेव्हा कुठे एवढंच म्हणाला...

"तू माझ्याशी इतक्या प्रेमाने कधीच बोलली नव्हतीस."

हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

खिडकीतून ड्राइव्हवेकडे बघत होता. उभ्या गाडीकडे.